पणजोबांच्या धोकटीतला वस्तरा विकायचाय? थांबा, आधी जुन्या कॅटलॉगकडून धंदा शिका



मार्गासनीहून एका तरुणाने व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो पाठवले. घराची दुरुस्ती करताना माळ्यावर पणजोबांची धोकटी सापडली होती. आत तीन वस्तरे, पितळी वाटी, नराणी, धार लावायचा दगड आणि काळा पडलेला चामड्याचा पट्टा. सोबत प्रश्न: "सर, परदेशात असले वस्तरे चांगल्या भावाला जातात असं बघितलं. एक जण सगळं मिळून रोख घ्यायला तयार आहे. देऊन टाकू का? त्या पैशात सलूनसाठी एक खुर्ची येईल."

मुलगा नाभिक घरातला, सध्या खेड-शिवापूरकडे कंपनीत नोकरी, आणि गावातच रस्त्याला लागून सलून टाकायचा विचार. त्याला फोनवर जे सांगितलं ते तुम्हा सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमच्या घरी धोकटी नसेल, पण आजीचं पितळी भांडं, सोनाराचा जुना तराजू, शिंप्याची जुनी कात्री असं काहीतरी असेलच.

पहिली गोष्ट. वस्तू विकायच्या आधी ती वाचायला शिका.

वस्तरा उघडा. पातं जिथे मुठीत अडकवलेलं असतं, त्याच्या अलीकडे लोखंडाचा जाड भाग असतो. बनवणाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव तिथे ठोकलेलं असतं. भिंग घ्या, मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा. घासू नका, पॉलिश तर अजिबात करू नका, कारण गंजाबरोबर नावही जातं. बहुतेक वेळा दोनपैकी एक गाव निघेल: इंग्लंडमधलं शेफील्ड किंवा जर्मनीतलं झोलिंगन. वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स ही शेफील्डची नावं. जुळ्या माणसांचं चित्र असेल तर तो झोलिंगनच्या हेंकेल्सचा शिक्का, त्याची नोंदणी 1731 सालची आहे. नुसतं शेफील्ड लिहिलंय की खाली इंग्लंडही लिहिलंय, हेही बघा. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे देशाचं नाव असलेला माल बहुधा त्यानंतरचा असतो.

या दोन गावांच्या भांडणात ब्रँडिंगचा एक मोठा धडा आहे. एकोणिसाव्या शतकात झोलिंगनचे काही कारखानदार आपल्या स्वस्त मालावर शेफील्डचं नाव ठोकून विकायचे. शेफील्डवाले चिडले, आणि 1887 साली ब्रिटिश संसदेने कायदा केला की परदेशी मालावर खोटं गाव लिहायचं नाही, मूळ देश लिहायचा. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का असा आला, म्हणजे गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी! पण जर्मन लोकांनी माल सुधारला, आणि तोच शिक्का पुढे चांगल्या मालाची खूण झाला. 1938 साली तर झोलिंगन हे नावच जर्मनीत कायद्याने राखून ठेवलं गेलं. त्या गावात न बनलेल्या पात्यावर ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे भौगोलिक मानांकन म्हणतात त्याचाच हा जुना भाऊ.

आपल्याकडची बाजूही ऐका. गोदरेजची सुरुवात कुलपांनी झाली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधी अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली होती: चाकू, चिमटे, कात्र्या. माल चांगला होता. घेणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याची अट होती की त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको. अर्देशीर म्हणाले, शिक्का राहणार. सौदा मोडला, धंदा बंद पडला. मग 1897 मध्ये कुलपं आली. मी प्रशिक्षणात हे सांगतो तेव्हा अर्धे लोक म्हणतात, "अहंकार नडला." मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या नावाने माल दिला असता तर तो आयुष्यभर पुरवठादार राहिला असता.

आता कॅटलॉगकडे येतो, कारण खरा खजिना तिथे आहे.

अमेरिकेत 1872 साली माँटगोमेरी वॉर्डने एका कागदाची किंमतयादी छापून शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली. 1875 पासून ते सांगू लागले की माल पसंत नाही पडला तर पैसे परत. पुढे सीअर्स, रोबक कंपनीचा कॅटलॉग आला, तो तर वीटभर जाडीचा. शिलाई मशीनपासून नांगरापर्यंत सगळं त्यात, आणि दाढीच्या सामानाची वेगळी पानं. 1897, 1902, 1908 सालच्या कॅटलॉगची पुनर्मुद्रणं झाली आहेत, इंटरनेटवर स्कॅन केलेली पानंही सापडतात. ती पानं मोबाईलवर उतरवून घ्या आणि एकेका वस्तऱ्याखालचा मजकूर वाचा.

काय लिहिलेलं असतं? पात्याची रुंदी, तीही इंचाच्या आठव्या भागात: पाच अष्टमांश, सहा अष्टमांश. पातं दोन्ही बाजूंनी किती पोकळ घासलंय, कारण जितकं पोकळ तितकं पातळ आणि तितकी नाजूक धार. टोक गोल की चौकोनी. मूठ कशाची: शिंग, हाड, हस्तिदंत, काळं कडक रबर की सेल्युलॉइड. बनवणारा कोण. शेजारी बारीक रेघांचं चित्र आणि किंमत. त्याच पानांवर चामड्याचे पट्टे, धारेचे दगड, ब्रश, फेसाचे मग, आणि सगळं एका पेटीत घातलेले संच.

विचार करा, शेकडो मैलांवर राहणारा शेतकरी, त्याने वस्तरा हातात घेतलेला नाही, दुकानदाराचं तोंड पाहिलेलं नाही. तरी तो पैसे पाठवतो. का? त्याच्या मनात येणाऱ्या प्रत्येक शंकेला त्या सात-आठ ओळींत उत्तर आहे आणि शेवटी पैसे परतीची हमी आहे. आता तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय ते उघडून बघा. "बेस्ट क्वालिटी, रेटसाठी डीएम करा." अहो, रेटसाठी डीएम कोण करतो? जो आधीच घ्यायला निघालाय तो. बाकीचे पुढे सरकतात.

या पानांवरचा एक प्रकार मला फार आवडतो. सात वस्तऱ्यांची पेटी. प्रत्येक पात्याच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं, सोमवार ते रविवार. कारण सांगायचे की धारेला विश्रांती मिळाली की पातं चांगलं राहतं. दाढी एका वस्तऱ्याने होते, पण भेट म्हणून द्यायला, ऐटीत ठेवायला लोक सात घ्यायचे. एकाच गिऱ्हाइकाला, एकाच गरजेसाठी, सातपट माल! तुम्ही मसाले विकता? सात वारांच्या सात भाज्यांचा मसाला संच करून बघा.

हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे काय, असं म्हणाल. आपल्याकडे टपालखात्याने 1877 सालीच व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं होतं. आपल्या आजोबांच्या भाषेत व्ही.पी. किंवा व्ही.पी.पी. दुकानदार पार्सल टपालात द्यायचा, पोस्टमन गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन पैसे घ्यायचा आणि मगच पार्सल हातात द्यायचा, पैसे टपालामार्फत दुकानदाराला पोचायचे. हेच की नाही तुमचं कॅश ऑन डिलिव्हरी? आपण ते काल आलं असं समजतो. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिराती बघा, घड्याळं, औषधं, पुस्तकं, सगळ्यांखाली तेच: व्ही.पी.ने मागवा. आणि दुखणंही तेच होतं. पार्सल दारात गेलं आणि माणूस म्हणाला "नको", की ते परत. जाण्यायेण्याचा खर्च दुकानदाराच्या बोकांडी. आज ऑनलाइन विकणारे परतीच्या पार्सलांमुळे रडतात, तर त्यावरचा उपाय जुनाच आहे: वर्णन इतकं स्वच्छ लिहा की दारात आलेला माल बघून कोणी चकित होऊ नये, आणि नव्या गिऱ्हाइकाकडून थोडी तरी रक्कम आगाऊ घ्या.

मुंबईत 1891 साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा उघडली. हे मूळ लंडनचं दुकान, आणि त्यांचा कॅटलॉग म्हणजे साहेबाच्या घरातली यच्चयावत वस्तू. दुसरं नाव व्हाइटअवे लेडलॉ. कलकत्त्यात 1882 साली सुरू झालेलं, मग शहराशहरांत शाखा. यांच्याकडे उधारी बंद, आधी पैसे मग माल. त्यामुळे लोकांनी थट्टेने नाव पाडलं 'राइट अवे अँड पेड फॉर'. थट्टा झाली तरी दुकानं पसरत गेली. उधारीची वही घेऊन रात्री झोप न येणाऱ्या मित्रांनी हे नाव गल्ल्यावर चिकटवावं.

आणि खास आपला माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावात 1888 साली सायकलचं दुकान. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती शेतकऱ्यापर्यंत जावी म्हणून काढलेलं पत्रक, ते वाढत वाढत 'किर्लोस्कर' हे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. लोक नांगर घ्यायच्या आधी वाचक होत होते. आज आपण रील टाकतो तेव्हा हेच करायचा प्रयत्न करतो, फरक इतकाच की रील बघून माणसाला काही नवं कळलं पाहिजे. नुसतं नाचून नांगर विकला जात नाही.

आता जिलेट. "रेझर फुकट द्या, ब्लेडवर कमवा" हे वाक्य तुम्ही किमान दहा प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकलं असेल. गोष्ट चांगली आहे, पण सुरुवातीची हकीकत तशी नाही. किंग जिलेटच्या कंपनीने 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 ब्लेड विकले. पुन्हा वाचा, एक्कावन्न. आणि किंमत? पाच डॉलर. तेव्हाच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. फुकट कुठलं, चांगलं महाग प्रकरण होतं ते! पेटंट हातात होतं तोवर त्यांनी भाव सोडला नाही. 1921 साली मूळ पेटंटची मुदत संपली, दुसरे लोक तसेच रेझर-ब्लेड करू लागले, तेव्हा कुठे स्वस्त रेझर बाजारात आले. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी 2010 साली हे सगळं तपासून मांडलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. तुमच्या रेझरला दुसऱ्याचं ब्लेड बसत असेल, तर रेझर फुकट वाटणं म्हणजे शुद्ध तोटा. "पहिली कटिंग फुकट" असा बोर्ड लावून सलून उघडणारे मी बघतो. गिऱ्हाईक फुकट कटिंग करून घेतं आणि दुसऱ्या वेळी जवळच्या सलूनमध्ये जातं, कारण कात्री तिथेही तशीच चालते. दुसऱ्या वेळी त्याने तुमच्याकडेच का यावं, हे आधी ठरवा. मग काय फुकट द्यायचं ते बघू.

परत धोकटीकडे. वाचून झालं, आता विकायचं का? इथे मी त्या मुलाला दोन लाल दिवे दाखवले, आणि तुम्हीही नीट बघा, कारण इथे लोक बिनपाण्याने हजामत करून घेतात, स्वतःची.

पहिला लाल दिवा मुठीचा. मूठ पांढरी, पिवळसर, गुळगुळीत असेल तर ती हस्तिदंताची असू शकते. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. 1972 च्या कायद्यात 1986 साली भारतीय हत्तीच्या दातासाठी आणि 1991 साली आफ्रिकी दातासाठीही बंदी आली. पणजोबांची वस्तू आहे, जुनी आहे, हे विक्रीसाठी कारण चालत नाही. ठिपक्यांची तपकिरी अर्धपारदर्शक मूठ कासवाच्या कवचाची असेल तर तिलाही हाच नियम. ओळखायचं कसं? हाडावर बारीक काळे ठिपके किंवा खाचा दिसतात. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. नकली, म्हणजे सेल्युलॉइडच्या मुठीवर रेषा असल्या तर त्या सरळ, समांतर आणि जरा जास्तच व्यवस्थित असतात. शिवाय सेल्युलॉइड कापरापासून करतात, त्यामुळे अंगठ्याने जोरात घासलं की देवघरातला वास येतो. यूट्यूबवर गरम सुई टोचून बघायला सांगतात, ते करू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. जुनं झालेलं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारची पातीही गंजवतं, म्हणून तो वस्तरा वेगळा ठेवा. शंका राहिली तर वनखात्याकडे जा. शंका असलेली मूठ ऑनलाइन टाकू नका.

दुसरा लाल दिवा वयाचा. 1972 चाच आणखी एक कायदा आहे, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. आता, कारखान्यात हजारोंनी बनलेला प्रत्येक वस्तरा पुरावस्तू ठरेल असं नाही. पण ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नसतं. परदेशी गिऱ्हाईक डॉलर दाखवतंय म्हणून कुरिअरच्या फॉर्मवर "घरगुती वस्तू" लिहून पाठवलं, तर अडकाल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून, वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळवायची सोय आहे. आधी तो कागद, मग पार्सल.

आणि कृपा करून हे वस्तरे गिऱ्हाइकाच्या गालाला लावू नका. "रॉयल विंटेज शेव्ह" म्हणून रील छान होईल, पण अशा मुठीच्या फटींत जे अडकतं ते नीट निर्जंतुक करता येत नाही, आणि उकळलं तर मूठ जाते. कावीळ आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. सलूनमध्ये दर माणसाला नवं ब्लेड, तेही त्याच्यासमोर उघडून. यात तडजोड नाही.

मग त्याने काय करावं? माझं मत: विकू नये. भावनेपोटी सांगत नाही, हिशेब करून सांगतोय. नकाशा बघा. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने आलं की नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळतात. वाटेत मार्गासनी. इथून एक रस्ता साखरमार्गे गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याला जातो, सरळ गेलं तर वेल्हे आणि तोरणा. शनिवार-रविवार या रस्त्यावरून किती पोरं जातात ते तिथल्या चहावाल्याला विचारा. त्यांना दाढी करायची नसते हे खरं, पण उतरून आल्यावर तोंड धुवायचं असतं, डोक्याची तेलमालिश हवी असते, आणि फोटो काढायला काहीतरी हवं असतं. काचेच्या कपाटात पणजोबांची धोकटी, प्रत्येक वस्तूखाली चार ओळी माहिती. असं सलून पुण्याच्या मोठ्या रस्त्यावर लाखो रुपये खर्चून उभारता येईल, पण ती धोकटी त्यांच्याकडे नसेल.

माहितीच्या पाटीवर बलुत्याची गोष्ट नक्की असू द्या. गावच्या बारा बलुतेदारांत नाभिक होता. वर्षभर सेवा, सुगीला धान्य. आजकालचे लोक याला सबस्क्रिप्शन म्हणून मिरवतील, पण तेव्हा दर ठरवायची आणि नाही म्हणायची मोकळीक त्या माणसाला फारशी नव्हती. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. हातातलं काम सोडून दिलं, कारण ते काम चुकीचं होतं. ही गोष्ट वाचून गिऱ्हाईक खुर्चीत जरा ताठ बसेल, आणि खुर्चीमागे उभा असलेलाही.

खुर्चीचे पैसे कुठून आणायचे? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात नाभिक व्यवसाय आहे. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, त्यामुळे घरात आधी बोलून घ्या. नोंदणी आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात होते.

विकायला माल हवाच असेल तर नवा विका. दाढीचा संच: ब्रश, पितळी वाटी, तुरटीची वडी, साबण. नसरापूरच्या बाजारातून सुटं सामान आणून तुम्ही फक्त चांगली पेटी करायची. साबण स्वतः बनवणार असाल तर तो सौंदर्यप्रसाधनात येतो, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागेल, म्हणून सुरुवातीला परवानाधारकाकडूनच घ्या. पेटीवर कमाल किरकोळ किंमत, नग, महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापा, वजनमाप कायद्यात ते सक्तीचं आहे.

आणि वर्णन? जुन्या कॅटलॉगसारखं. त्या मुलाला मी नमुना लिहून दिला, तुम्हीही आपल्या मालाचा असा लिहून बघा:

"दाढीची पेटी. पितळी वाटी, आतून कल्हई केलेली, तोंड साडेतीन इंच. ब्रश लाकडी मुठीचा, केस कृत्रिम, फेस दोन मिनिटांत. तुरटीची वडी 100 ग्रॅम, रोज वापरली तर काही महिने जाते. साबण 75 ग्रॅम, सुवास चंदनाचा, चंदन तेल नाही. ब्लेड आणि रेझर पेटीत नाहीत. पार्सल उघडून पसंत न पडल्यास सात दिवसांत न वापरलेला माल परत, पैसे परत, परतीचं टपाल आमच्याकडे."

"चंदन तेल नाही" आणि "रेझर पेटीत नाहीत" ही वाक्यं काढावी असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, राहू दे. फोटो दिवसा, खिडकीजवळ काढ, वाटीच्या आतली बाजूही दाखव, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव म्हणजे आकार कळतो.